न अडखळलेला वाचक

वाचकांची पत्रं येणं बंद झालं त्याला बारा वर्षं होऊन गेली होती. पत्रांच्या जागी आता वाचनालेख यायचा, आणि मृणाल चौगुलेला तो मनापासून आवडत नसे.

मृणाल सदुसष्ट वर्षांची होती. साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात तिनं तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं. आता दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहायची आणि 'ध्रुवमत्स्य' या मासिकाच्या दर दिवाळी अंकासाठी एक विज्ञानकथा लिहायची. २०४६ च्या दिवाळीतली तिची कथा होती 'कोरडं धरण'. भाऊबीज होऊन चार दिवस झाले आणि पुण्याहून संपादक केतकी गुरवचा फोन आला.

"मृणालताई, आलेख पाठवलाय. नऊ हजार दोनशे चौदा जणांनी वाचलीय कथा. तिसऱ्या पानावर थोडी गळती आहे, पण शेवटपर्यंत पोचलेत बरेच."

"तिसऱ्या पानावर काय झालं?"

"तुम्ही बाष्पीभवनाचं गणित दिलंय," केतकी हसून म्हणाली. "पण मी त्यासाठी फोन नाही केला. पान सहा, खालून चौथी ओळ बघा. तो तुमचा 'थिरगूळ'."

मृणालनं पाटी मांडीवर घेतली. या पाट्या कागदासारख्या पातळ असत आणि भर उन्हात वाचता येत. गावोगावच्या वाचनालयांनी त्या घरोघर दिल्या होत्या. पाटीच्या कडेत अवरक्त किरणांचे बारीक ठिपके बसवलेले असत. त्यांचा प्रकाश वाचणाऱ्याच्या बुबुळांवर पडून परत येई, आणि नजर कोणत्या शब्दावर आहे ते पाटीला सेकंदातून पाचशे वेळा कळे. वाचताना आपली नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत नाही, ती चिमणीसारखी उड्या मारते. एका शब्दावर पाव सेकंद बसते, पुढच्या शब्दांचा अंदाज घेते, उडते. शब्द अगदी ओळखीचा असेल तर त्यावर बसतही नाही. अनोळखी शब्द आला की मात्र ती थबकते, मागे जाते, पुन्हा येते. हे माणूस ठरवून करत नाही. मनाला कळायच्या आत डोळ्यांनी ते करून टाकलेलं असतं. वाचक तोंडानं 'छान आहे' म्हणेल, पण नजर खोटं बोलत नाही, असं वाचनालेख काढणारे अभिमानानं सांगत.

सहाव्या पानावर, 'छतावर थिरगूळ नाचत होतं' या ओळीत, आलेखाची रेघ उभ्या कड्यासारखी वर गेली होती.

"सगळे अडखळलेत," केतकी म्हणाली. "आम्ही तर छपाईची चूक समजून तो शब्द बदलणार होतो. कुठल्या कोशात नाही, कुठल्या बोलीत नाही. कुठून आणलात?"

"लहानपणीचा आहे. भांड्यातल्या पाण्यावर ऊन पडलं की छतावर उजेड हलतो ना, त्याला म्हणायचो आम्ही."

"गोड आहे. पण एक गंमत सांगू? नऊ हजार दोनशे चौदापैकी नऊ हजार दोनशे तेरा अडखळले. एकच नाही अडखळला. वाचक क्रमांक ३०५१. त्याची नजर त्या शब्दावर बसलीसुद्धा नाही. 'छतावर' वरून थेट 'नाचत' वर. जसं काही तिथं 'ऊन' किंवा 'पाणी' लिहिलं होतं. मी आधी पाटी बिघडली म्हटलं, पण बाकीचा आलेख चोख आहे."

मृणालनं पाटी डोळ्यांजवळ नेली.

"ताई? ऐकताय ना?"

"हो," मृणाल म्हणाली. "तू म्हणालीस, एकच?"

फोन ठेवल्यावर तिनं ती ओळ पुन्हा वाचली. थिरगूळ हा शब्द जगात दोनच माणसांना ठाऊक होता. एक ती स्वतः. दुसरी शाहीन मुजावर, आणि शाहीन पंचेचाळीस वर्षांत तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

*

कराडच्या पुढं कालव्याच्या काठाला पाटबंधारे खात्याची वसाहत होती. मृणालचे वडील कालवा निरीक्षक होते, शाहीनचे अब्बा खात्याची जीप चालवायचे. दोन घरांमध्ये एक पाण्याचा हौद होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी दोघी शाहीनच्या घरी फरशीवर उताण्या पडायच्या. हौदावरचा उजेड खिडकीतून आत येऊन छतावर हलायचा. त्याला नाव नव्हतं, म्हणून शाहीननं दिलं. नावं द्यायची हौस तिलाच. तापल्या अंगणातून आत आल्यावर तळपायाला फरशीचा जो गारवा लागतो तो 'पायगार'. जिना संपला तरी अजून एक पायरी आहे असं वाटून पाय हवेत पडतो ती 'दचकपायरी'. बादलीत तोंड बुडवून गुणगुणायचं ते 'बुडगाणं'.

कॉलेजात गेल्यावर दोघींनी एका वहीत विज्ञानकथा लिहायला सुरुवात केली. एक पान हिचं, एक पान तिचं. मृणालला विज्ञान यायचं, शाहीनला माणसं. बावीस वर्षांच्या असताना त्यांनी 'शेवटचं आवर्तन' लिहिली. नदीचं पाणी दूरच्या वसाहतीला देऊन टाकलेल्या काळातली गोष्ट, कालव्याचं दार कायमचं बंद करायला पाठवलेल्या एका बाईची. दार ओढणाऱ्या त्या बाईची शेवटची चार पानं सगळी शाहीनची होती.

एका मासिकानं कथास्पर्धा जाहीर केली. शेवटच्या दिवशी मृणालनं वही उतरवून काढली आणि पोस्टात गेली. अर्जावर लेखकाचं नाव लिहायला एकच ओळ होती. तिनं स्वतःचं लिहिलं. जागा नव्हती, वेळ नव्हता, नंतर सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. आणि शेवटचं वाक्य जरा साधं वाटलं म्हणून बदललंही. शाहीननं लिहिलं होतं, 'तिनं दार बंद केलं आणि पाणी तिच्याकडे बघत राहिलं.' मृणालनं केलं, 'तिनं दार बंद केलं आणि मानवजातीच्या इतिहासातलं एक पर्व संपलं.'

कथेला पहिलं बक्षीस मिळालं. दिवाळीत ती छापून आली तेव्हा शाहीनच्या अब्बांची बदली होऊन ती मंडळी गाव सोडून गेली होती. महिन्याभरानं एक पोस्टकार्ड आलं. नाव नाही, पत्ता नाही, अक्षर शाहीनचं. 'शेवटचं वाक्य तू बदललंस. आधीचं बरं होतं.'

एवढंच. नावाबद्दल एक शब्द नव्हता. मृणालच्या कथांना पुढं शेकडो पत्रं आली, पण तिला आलेली पहिली प्रतिक्रिया तीच होती. उत्तर लिहायला ती दहा वेळा बसली. मग कथा संग्रहात गेली, तिथून दहावीच्या पुस्तकात गेली आणि वीस वर्षं तिथं राहिली. दरवर्षी खरं सांगणं आदल्या वर्षीपेक्षा अवघड होत गेलं. शाहीन कुठं आहे हे तिनं पुढं कुणाला विचारलंही नाही. विचारायची लाज वाटायची.

'कोरडं धरण' लिहिताना मात्र तो शब्द आपोआप हातातून उतरला होता. तिनं तो खोडला नाही.

*

आठवड्याभरानं मृणालनं केतकीला फोन केला.

"डिसेंबरच्या अंकात दोन पानं देशील? लहानशी कथा आहे."

"तुम्ही आपणहून कथा देताय? देते की."

त्या लहानशा कथेत तिनं चार शब्द पेरले. पायगार, दचकपायरी, बुडगाणं आणि रुसवाटी. चौथा शब्दही शाहीनचाच. दोघींचं भांडण झालं की जिची चूक असेल तिनं वाटी घेऊन दुसरीच्या दारात यायचं आणि साखर मागायची. साखर नको असायची. मागायला आली म्हणजे भांडण मिटलं. ती वाटी म्हणजे रुसवाटी.

अंक निघाल्यावर मृणालला चैन पडेना. एरवी ती आलेख उघडायचाही कंटाळा करी. आता ती सकाळी चहाच्या आधी पाटी बघू लागली. वाचकाचं नाव लेखकाला कळत नसे. मासिकाच्या प्रत्येक वाचकाला दिवाळीपासून वर्षभर एकच क्रमांक मिळायचा, तेवढंच. पण तो क्रमांक कधी आला, किती वेळ बसला, कुठं परत गेला, हे दिसायचं. मृणालला ते खिडकीच्या पडद्याआडची हालचाल बघितल्यासारखं वाटायचं. माणूस आहे एवढं कळतं. हाक मारता येत नाही.

पाचव्या दिवशी, एका गुरुवारी दुपारी, ३०५१ नं कथा उघडली.

पायगार. नजर थांबली नाही. दचकपायरी. नाही थांबली. बुडगाण्यावरून ती चिमणीसारखी उडून गेली. आणि रुसवाटीवर येऊन थबकली. अडीच सेकंद. मग मागच्या ओळीवर गेली, पुन्हा आली. पुन्हा गेली. चारदा. मग पाटी बंद झाली.

शाहीनच आहे. तिनं वाचलं, आणि त्या एका शब्दावर ती थांबली. का थांबली? राग आला? भरून आलं? आलेखात तेवढं नसतं. नजर थांबली हे यंत्र सांगतं, काय मनात आलं ते नाही.

पुढच्या रविवारी केतकी साताऱ्याला आली. येताना इथल्याच स्टँडवरून कंदी पेढे घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मीही बघितलं. हा तोच वाचक ना? ताई, हे कोण आहे?"

"जुनी मैत्रीण आहे. बहुतेक."

"मग शोधू या." केतकी पुढं सरकली. "हे बघा, प्रत्येकाच्या डोळ्यांची चाल वेगळी असते. अक्षर असतं तशी. कोण कुठं किती थांबतं, किती लांब उडी मारतं, हे दोघांचं सारखं नसतं. क्रमांक बदलला तरी चाल बदलत नाही. पाट्या बनवणाऱ्यांकडे माझा एक वर्गमित्र आहे. तो ती चाल वाचनालयाच्या नोंदींशी ताडून बघेल. कायद्यात बसत नाही, पण कुणाला कळणार? तुम्ही फक्त हो म्हणा. उद्या तुमच्या हातात नाव-पत्ता असेल."

मृणाल उठली. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. पत्ता. फोन नंबर. उद्या. कदाचित उद्या संध्याकाळीच शाहीनचा आवाज. तिला वाटलं, हो म्हणावं. तोंडात 'हो' आलंही होतं.

ती बाहेर आली. "नको," म्हणाली.

"अहो, पण का?"

"तिला न विचारता मी एकदा तिचं काहीतरी घेतलंय. पुन्हा नाही घेणार."

"काय घेतलंत?"

मृणालनं सांगितलं. वही, अर्ज, एक ओळ, पोस्टकार्ड. पंचेचाळीस वर्षं जे कुणाला सांगता आलं नव्हतं ते सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

केतकीनं पेढ्यांचा पुडा बंद केला. तिचा चेहरा उतरला होता. "दहावीत मी ती कथा तोंडपाठ केली होती," ती म्हणाली. "वक्तृत्व स्पर्धेत म्हटली होती. 'लेखिका मृणाल चौगुले' असं स्टेजवर मोठ्यानं म्हणून. तुम्हाला पहिल्यांदा भेटले तेव्हा पाया पडले होते, आठवतंय?"

"आठवतंय."

"तेव्हासुद्धा तुम्ही काही बोलला नाहीत."

"नाही बोलले."

केतकी खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. मागं न वळताच तिनं विचारलं, "आता काय करायचं म्हणताय?"

"ती कथा पुन्हा छाप. दोघींच्या नावानं. शाहीनचं आधी. शेवटचं वाक्य तिचं. आणि सोबत माझी एक टीप."

"लोक फाडून खातील तुम्हाला."

"खाऊ देत."

"फेब्रुवारीत विज्ञानलेखकांचं संमेलन आहे. तुम्ही अध्यक्ष आहात."

"त्यांनाही कळवते," मृणाल म्हणाली.

*

जानेवारीच्या अंकात 'शेवटचं आवर्तन' आली. लेखिका शाहीन मुजावर आणि मृणाल चौगुले. टीप अर्ध्या पानाची होती. मृणालनं ती सात वेळा लिहिली होती, आणि दरवेळी त्यातली कारणं कमी करत गेली होती. शेवटी एवढंच उरलं होतं की ही कथा दोघींची आहे, चांगला भाग शाहीनचा आहे, नाव गाळणं ही चूक नव्हती तर लबाडी होती, आणि थिरगूळसकट मृणालच्या कथांमधले गोड वाटणारे शब्दही शाहीननं घडवलेले आहेत. खाली एक ओळ होती: 'थिरगूळपाशी एक वाचक अडखळला नाही. त्याच्यामुळं हे लिहायचं धैर्य आलं. त्यानं उत्तर द्यावं असं माझं मागणं नाही.'

वाचनालेख वगैरे बाजूला ठेवून लोकांनी बारा वर्षांनी पुन्हा पत्रं लिहिली. बोलून पाठवली, लिहून पाठवली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तिला चोर म्हटलं. एका मुलीनं विचारलं की बाकीच्या कथा तरी तुमच्या आहेत का. संमेलनवाल्यांचं पत्र फार सभ्य होतं. प्रकृतीची काळजी घ्यावी, अध्यक्षपदाची दगदग तूर्त नको, असं त्यात होतं. मृणालनं सगळं वाचलं. झोंबलं, पण तिला नवल वाटलं की ते सोसण्यासारखं होतं. वाट बघणं मात्र सोसवत नव्हतं.

३०५१ नं अंक तिसऱ्या दिवशी उघडला. टीप एकदा वाचली. कुठं न थांबता, नेहमीच्या वेगानं. मग कथा वाचली, सबंध. आणि शेवटच्या वाक्यावर, 'पाणी तिच्याकडे बघत राहिलं' वर, नजर येऊन बसली ती उठलीच नाही. बत्तीस सेकंद. केतकी म्हणाली, नऊ हजार वाचकांत एवढा मोठा थांबा तिनं कधी बघितला नव्हता.

त्यानंतर काही नाही. आठवडा गेला, दोन गेले. संक्रांत झाली. ३०५१ नं तो अंक परत उघडला नाही, दुसरं काही वाचलं नाही. मृणाल दर गुरुवारी दुपारी पाटी समोर घेऊन बसायची. ती स्वतःला सांगायची की उत्तर नको असं आपणच लिहिलंय. आणि मग पाटीकडे बघायची. इतकी वर्षं तिला वाटायचं की शाहीननं माफ करावं. आता ते मागं पडलं होतं. आता तिला नुसती शाहीन हवी होती. तोंडाला येईल ते बोलणारी, कथेतलं वाक्य वाचून नाक मुरडणारी, फरशीवर शेजारी उताणी पडलेली.

फोन आला तो जानेवारीच्या अखेरीला, मासिकाच्या कचेरीतून जोडून दिलेला. आवाज बाईचा होता, पण शाहीनचा नव्हता.

"चौगुले मॅडम का? मी ताहेरा बोलते. जतहून. तुमचा तो न अडखळलेला वाचक, तो मीच असणार."

मृणालनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "तुम्ही..."

"शाहीन मुजावर माझी अम्मी."

"ती कशी आहे?"

"अम्मी जाऊन चार वर्षं झाली, मॅडम. तुम्हाला कुणी कळवलं नसेल. कळवायचं कुणाला ते आम्हालाही माहीत नव्हतं."

ताहेरानं घाई केली नाही.

"मी महिनाभर फोन करू की नको करत होते," ती मग म्हणाली. "टीप वाचली तेव्हा मला आधी हसूच आलं. थिरगूळ हा शब्द अम्मीनं बनवला म्हणे! म्हटलं, काहीतरीच. थिरगूळ तर सगळेच म्हणतात. आमच्या घरात म्हणतात, गल्लीत म्हणतात, अम्मीच्या शाळेतली पोरं म्हणतात. मी चाळीस वर्षांची आहे, मॅडम. तो शब्द मराठीत नाही हे मला त्या दिवशी कळलं. मग मी कोशात शोधला. पायगार शोधला. काहीच नाही."

"शाळेतली पोरं?"

"अम्मी जतला हायस्कूलमध्ये होती. विज्ञान आणि मराठी दोन्ही शिकवायची. तुमची कथापण शिकवली तिनं. म्हणजे... तुमची दोघींची."

"तिनं ती कथा शिकवली?" मृणालनं विचारलं. "माझ्या नावानं?"

"दरवर्षी. मीही त्याच वर्गात होते. नावाबद्दल ती काही बोलली नाही कधी. घरीही नाही. फक्त धडा संपला की सगळ्यांना पेन्सिल काढायला लावायची. म्हणायची, शेवटच्या वाक्यात छपाईची चूक आहे, खोडा. आणि फळ्यावर दुसरं वाक्य लिहून द्यायची. आमच्या तालुक्यात वीस वर्षांत शिकून गेलेल्या सगळ्या पोरांना तेच वाक्य पाठ आहे. परवा ते छापलेलं बघितलं आणि मला पुढं वाचताच येईना."

मृणाल रडत होती, आणि रडता रडता तिला हसू येत होतं. छपाईची चूक! अगदी शाहीन.

"एक विचारू?" ताहेरा म्हणाली. "तुमच्या त्या लहान कथेत एक शब्द होता, रुसवाटी. तो मला कळला नाही. बाकीचे सगळे घरचे होते. हा घरात कधी ऐकला नाही. त्याचा अर्थ काय?"

म्हणजे त्या दिवशी नजर थबकली ती एवढ्यासाठी. मृणालनं त्या अडीच सेकंदांत काय काय वाचलं होतं! तिनं अर्थ सांगितला. वाटी, साखर, दार.

"मग हा का नाही शिकवला तिनं?" ताहेरानं विचारलं.

"त्याला दारात येणारी बाई लागते," मृणाल म्हणाली. "मी आले नाही."

ताहेरा म्हणाली, "आता या. मी घरीच असते रविवारी."

*

जतला जाणारी गाडी साताऱ्याहून पहाटेच होती. विजेवरची एसटी, आवाज न करता माणदेशातून धावत राहिली. घर बाजारपेठेच्या मागं होतं, शाहीननंच बांधलेलं. ताहेरानं तिला आधी कबरस्तानात नेलं. कडुनिंबाखाली साधी मातीची कबर होती, डोक्याशी एक दगड. मृणाल उभी राहिली. तिनं घरून काही बोलायचं ठरवून आणलं होतं, ते एकही वाक्य आठवेना. ताहेरा जरा लांब जाऊन थांबली होती. मृणालनं वाकून कबरीवर पडलेली वाळकी पानं गोळा केली. माती सारखी केली. पुष्कळ वेळ ती हेच करत राहिली.

परत आल्यावर ताहेरानं जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी. घरात शाहीनचा एक फोटो होता, पन्नाशीतला. चष्मा कपाळावर सरकवलेला, कुणीतरी चुकीचं उत्तर दिल्यासारखा चेहरा. मृणालनं तिला बावीस वर्षांची सोडली होती. मधल्या शाहीनबद्दल तिला काहीही माहीत नव्हतं, आणि कुणाचीही नजर मोजून ते कळण्यासारखं नव्हतं.

"अम्मीनं पुढं काही लिहिलं?" तिनं विचारलं. अम्मी म्हणताना तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं.

"नाही. एकदा मी विचारलं होतं, तू एवढी छान गोष्ट सांगतेस, लिहीत का नाहीस. तर म्हणाली, वर्गात चाळीस पोरं असतात, कागद कशाला पाहिजे."

जेवणं झाली. चार वाजत आले तशी मृणालनं पिशवी उचलली. परतीची गाडी साडेपाचची होती.

"अहो, बसा, मावशी," ताहेरा चहाचं आधण ठेवत म्हणाली. सकाळी दारात ती 'मॅडम' म्हणाली होती. "एवढ्यात कुठं निघता? जरा उन्हपाठ होऊ द्या."

मृणाल थबकली. "काय म्हणालीस?"

"उन्हपाठ होऊ द्या म्हटलं."

"उन्हपाठ म्हणजे?"

ताहेरानं वळून बघितलं. "म्हणजे ऊन आपल्याकडे पाठ करून निघतं ना, तापायचं थांबतं, पण उजेड असतो. त्या वेळेला..." ती बोलता बोलता थांबली. तिच्या हातात साखरेचा डबा तसाच राहिला. "हे सगळे म्हणत नाहीत?"

"नाही," मृणाल म्हणाली.

"अल्ला," ताहेरा हळूच म्हणाली. "मग मला कसं कळायचं, माझ्या तोंडातले कुठले शब्द तिचे आणि कुठले सगळ्यांचे?"

मृणालनं पिशवी खाली ठेवली. पुढची चाळीसेक वर्षं शाहीन नावं देत राहिली होती. भांड्यांना, वेळांना, पोरांच्या खोड्यांना, आजारपणाला, कदाचित एकटेपणालाही. एकाही शब्दाच्या वेळी मृणाल तिथं नव्हती.

"तू नुसती बोल," ती म्हणाली. "काहीही बोल. बाजाराचं सांग, गल्लीचं सांग, अम्मी कशी रागवायची ते सांग. मी अडखळले की विचारीन."

ताहेरानं दोन कप भरले आणि समोर येऊन बसली. आधी जरा लाजत, शब्द निवडत बोलली. मग विसरली आणि घरच्यासारखी बोलू लागली.

साडेपाचची गाडी गेली तोवर मृणाल सात ठिकाणी अडखळली होती.